मापाला दिलेला झगा

वेड्यांच्या इस्पितळात शिंपीणबाई चौदा वर्षं एकच गोष्ट शिवत होती: आवरेनाशा झालेल्या माणसांचे जाडजूड कोट. बाह्या हातभर जास्त लांब. त्या पाठीमागे बांधल्या की माणसाला नाक खाजवायचीही सोय नाही. ऑफिसातून मापाची चिठ्ठी यायची. तिच्यावर नाव नसायचं आणि बाईही कधी विचारायची नाही. आपण बरं नि आपलं काम बरं. "माझा टाका हत्तीलाही उसवायचा नाही," हे मात्र भेटेल त्याला ऐकवायची.

त्या दिवशीची चिठ्ठी तिने दोनदा वाचली. डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं आखूड. लहानपणी मोडलेला तिचा डावा हात तेवढाच आखूड राहिला होता. खांदा, छाती, उंचीही तिचीच.

जन्मात साधा रुमाल न आणणारा नवरा परवा म्हणाला होता, "नवा झगा शिवून आणतो तुला. मापाला जुना दे." आणि ही खुळी हरखून शेजारणीला सांगून आली! महिनाभर तो येईल त्याला सांगत होता, हिचं डोकं ठिकाणावर नाही. तिला ती थट्टा वाटली होती.

पळणार कुठे? फाटकाची किल्ली मेट्रनबाईंकडे. चारला भेटायला येणाऱ्यांसाठी तेवढं ते उघडायचं. मग तिने जन्मात पहिल्यांदा कामात लबाडी केली. सगळा कोट कच्च्या टाक्यांनी शिवला. फाटक उघडताच एक हिसका दिला की बाह्या सुटल्याच पाहिजेत.

चारला पाच मिनिटं असताना मेट्रनबाई दोन नोकरांना घेऊन आल्या. दारात नवरा उभा होता, मान खाली घालून.

"झाला का गं कोट?"

"झाला, बाई." तिने आपणहून हात पुढे केले.

मेट्रनबाईंनी कोटावर हात फिरवला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "नवं कापड फार टोचतं गं. चौदा वर्षं आमची माणूस तू, तुला कशाला त्रास? अरे, कपाटातला जुना काढा, धुऊन धुऊन मऊ झालाय तो."

जुनाही तिच्याच हातचा होता. दुहेरी शिलाईचा. कुणासाठी शिवला होता, ते तिने तेव्हा विचारलं नव्हतं.

फाटक उघडल्याचा आवाज आला. तिने जिवाच्या आकांताने हिसका दिला, पुन्हा दिला. एकही टाका उसवला नाही.