किटलीतली साखर

न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये जेवणाच्या टेबलावर जेवण कधी झालंच नाही. तिथे माझं दुकान होतं. आम्ही खाली सतरंजी टाकून जेवायचो. नवरा म्हणायचा, "पुण्यात डायनिंग टेबल नव्हतं म्हणून खाली बसायचो, इथे आहे म्हणून खाली बसतोय." बोलण्यात तो पहिल्यापासून हुशार. पण शनिवारी सकाळी गाडी ड्राइव्ह करून मला गल्लोगल्ली फिरवायचाही तोच, त्यामुळे मी ऐकून घ्यायचे.

गल्लोगल्ली म्हणजे लोक आपल्या गॅरेजपुढे जुनं सामान मांडून विकतात, तिथे. मी फक्त चिनी मातीची भांडी घ्यायचे. कपबश्या, किटल्या, साखरदाण्या, कुणाकुणाच्या आज्यांनी जपलेल्या आणि नातवंडांना नकोशा झालेल्या. घरी आणून धुवायच्या, पुसायच्या, खिडकीपाशी ठेवून फोटो काढायचे आणि लिलावाच्या साइटवर टाकायच्या. कॅमेरा फ्लॉपीवर फोटो घेणारा, ओळखीच्या एकांकडून मागून आणलेला. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, एक फोटो चढेपर्यंत इकडे कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या. भांडं स्वस्त आणि टपालखर्च अवाच्या सवा, नाकापेक्षा मोती जड, असंही पुष्कळदा व्हायचं. तरी लोक घ्यायचे.

माझी एक खोड होती, आजही आहे. वस्तूत खोट असेल तर ती मी पहिल्या ओळीत लिहायचे. चोचीला टवका गेलाय, झाकण सैल बसतं, आत चहाचा डाग आहे आणि तो घासून निघत नाही. नवरा म्हणायचा, अगं, जरा शेवटी लिही. का म्हणून? मुलगी दाखवताना लपवतात आणि मग जन्मभर ऐकवतात, तसलं मला आवडत नाही. एकदा टेक्ससच्या एका बाईंनी तक्रार केली, कप सुंदर आहेत पण खोक्याला कसलासा उग्र वास येतोय. येणारच! खोकी मी ओक ट्री रोडवरच्या वाण्याकडून फुकट आणायचे, त्यात हिंगाच्या डब्या आलेल्या असायच्या. "वासाचे पैसे लावलेले नाहीत" असं मी उत्तर लिहिलं होतं. नवऱ्याने पाठवू दिलं नाही म्हणून, नाहीतर गेलंच असतं.

हे सगळं करण्यात माझा एवढा जीव का, ते सांगायला हवं. साताऱ्याला मी शाळेत शिकवायचे. मुलं मला वचकून असायची. लग्न करून इथे आले आणि सरकारी कागदावर माझ्या नावापुढे ‘अवलंबून’ असा शिक्का बसला. नोकरी करायची परवानगी नाही, बँकेत खातं नवऱ्यासोबत, विमा नवऱ्याचा. कुठेही गेलं की आधी विचारायचे, मिस्टर काय करतात. ग्रीन कार्डचा अर्ज पुढे सरकला तेव्हा कुठे मला कामाची परवानगी मिळाली, आणि मिळाल्याच्या महिन्यात मी साइटवर खातं उघडलं. तिथे मी कुणाची बायको नव्हते. विकत घेणारा माणूस चार शब्दांचा शेरा लिहायचा, ‘चांगलं पॅकिंग, प्रामाणिक बाई’, आणि तो शेरा सगळ्या जगाला दिसायचा. मी ते शेरे पुन्हापुन्हा वाचायचे. हसा खुशाल.

आता साखरेचं. आमच्या घरी शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत गेलं नाही. तिने वाटीतून काही पाठवलं, की ती वाटी धुऊन, पुसून, तळाशी चिमूटभर साखर घालूनच परत द्यायची. रिकामं भांडं द्यायचं नाही म्हणजे नाही. हे मला कुणी शिकवलेलं आठवत नाही, जसं चप्पल दाराबाहेर काढायला कुणी शिकवलेलं आठवत नाही. त्यामुळे पहिली किटली विकली गेली तेव्हा खोक्यात ठेवता ठेवता माझा हात थांबला. मी पांढऱ्या कागदाची छोटी पुडी केली, चमचाभर साखर बांधली आणि झाकण उघडून आत टाकली. मग तोच रिवाज पडला. बशांना नाही, ज्यात काही राहतं अशाच भांड्यांना. कुणी कधी त्याबद्दल लिहिलं नाही. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या असतात ना, तशी काहीतरी समजून फेकून देत असतील.

२००१च्या शरद ऋतूत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सप्टेंबरातल्या हल्ल्यानंतर थोड्याच दिवसांत पत्रांतून विषारी पावडर पाठवल्याच्या बातम्या आल्या, आणि ती पत्रं टपालात पडली होती आमच्याच न्यू जर्सीत. टपाल उशिरा यायला लागलं. आमच्या मजल्यावरच्या काकू हातमोजे घालून बिलं उघडायच्या. मीही टीव्हीवर सगळं बघत होते, हळहळत होते, आणि जाहिरात लागली की उठून पुड्या बांधत होते! आजही सांगताना मला स्वतःचा संताप येतो. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या, पण एकमेकींना भेटल्याच नाहीत. डोक्याला ठाऊक होतं, हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला ओहायोतल्या एका गावी एक किटली पाठवली. पांढरी, निळ्या बारीक फुलांची. घेणाऱ्या बाईंचं पत्र अगदी दोन ओळींचं होतं, चेक पाठवला आहे, कृपया नीट बांधा. मी नीटच बांधली. पुडी मात्र वाटेत फुटली.

त्यानंतर एका सकाळी दोन माणसं दारात आली, एक पोलीस आणि एक टपालखात्याचा तपास करणारा. नवरा घरीच होता. त्याच्या कंपनीने त्या महिन्यात निम्मी माणसं काढली होती, हा कसाबसा राहिला होता आणि घरून काम करत होता. तो पांढराफटक पडला. त्यांनी फार सभ्यपणे विचारलं, तुम्ही ओहायोला एक पार्सल पाठवलंत, त्यात काय होतं? मी म्हटलं, किटली. आणखी? मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"साखर," मी म्हणाले. "साखर होती हो ती!"

त्यांना ते खरं वाटेना. मी स्वयंपाकघरातून साखरेचा डबा आणला, त्यांच्यासमोर चमचा भरून तोंडात टाकला, आणखी एक टाकला. पोलीस म्हणाला, बाई, पुरे. नवरा मराठीत पुटपुटला, "गप बस, आणखी एक शब्द बोलू नकोस." त्यांनी डब्यातली थोडी साखर पिशवीत घेतली, सगळ्या घरावरून नजर फिरवली, टेबलावरच्या किटल्यांचे फोटो काढले. मी चहा विचारला. चहा नको म्हणाले.

तपासणीत साखर निघाली. त्याच पोलिसाचा फोन आला, प्रकरण मिटलंय, पुन्हा असं करू नका. सुटलो बाई, असं म्हणते आहे तोवर साइटकडून ईमेल. विकत घेणाऱ्या बाईंनी तक्रार केली होती, माझं खातं बंद. बाईंनी स्वतः लेखी कळवलं की त्यांची तक्रार उरलेली नाही, तरच ते उघडणार.

"झालं ते बरं झालं," नवरा म्हणाला. "ते बंदच राहू दे."

"का?"

"का काय? ग्रीन कार्ड व्हायचंय आपलं. उद्या कुणी फाइल उघडून विचारलं, पोलीस का आले होते, तर काय सांगणार? तुझ्या कपबश्यांपायी सगळं गुंडाळून परत जायचं का? माझी नोकरी आज आहे, उद्या नाही."

तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, "तुझी नोकरी गेली तर तू दुसरी शोधशील. माझं हे एवढंच आहे रे." आणि मग रडले, भांडताना मला रडू आलेलं अजिबात खपत नाही तरी. शेवटी तो म्हणाला, त्या बाईंना फोन करायचा तर कर, पण शांतपणे बोल. भांडू नकोस, यार, प्लीज.

बाईंच्या चेकवर पत्त्याखाली त्यांचा फोन नंबर छापलेला होता, तो मी उतरवून ठेवला होता. काय बोलायचं ते इंग्रजीत पाठ केलं. खरं सांगू? मनात मी भांडायचीच तयारी केली होती. साखर होती ती, विष नव्हतं. चमचाभर साखरेसाठी कुणाचं दुकान बंद करायचं म्हणजे काय! दुपारी कामाच्या वेळात फोन लावला. आवाज म्हाताऱ्या बाईचा निघाला, सावकाश बोलणारा. मी कोण ते सांगितलं.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. तक्रारीच्या सुरात नाही, शेजारणीला सांगावं तसं. त्या घरात एकट्याच राहतात. किटलीचं झाकण उघडलं आणि पांढरी पूड हातावर सांडली, स्वेटरवर सांडली. टीव्हीवर सांगितलं होतं तसं त्यांनी ती झटकली नाही, हात लांब धरून त्या फोनपर्यंत गेल्या. अग्निशामक दलाची माणसं आली, अंगभर पोशाख घातलेली, चेहरे दिसत नव्हते. अंगणात तंबू ठोकला. त्यात त्यांना सगळे कपडे काढायला लावले आणि थंड पाण्याने धुतलं. नोव्हेंबरात. समोरच्या घरांतले लोक पडवीत उभे होते. कानातलं ऐकायचं यंत्र पाण्यात बिघडलं, त्यामुळे ती माणसं काय सांगताहेत ते पुढे त्यांना कळेना. किटली ते घेऊन गेले, ती परत मिळणार नव्हती. त्यांच्या आईच्या सेटमधली तशीच किटली फुटली होती, म्हणून त्या कितीतरी वर्षं तिची जोडीदारीण शोधत होत्या.

माझं पाठ केलेलं इंग्रजी कुठल्या कुठे गेलं. मी फक्त सॉरी म्हणत राहिले. माझ्या आईच्या वयाच्या बाईला कुणी अंगणात उभं करून धुतलं, आणि ते माझ्या हातच्या पुडीमुळे. दुकान आठवायचीही लाज वाटली. तरी विचारलं. माणूस लाज वाटली तरी विचारतोच.

"तुमचं दुकान बंद झालं माझ्यामुळे?" त्या म्हणाल्या. "मला नाही कळवलं कुणी. आज लिहिते त्यांना. कुणाचं काम बंद करायचं नव्हतं मला."

एवढं सहज झालं. मी थँक्यू म्हटलं, किटलीचे पैसे परत करते म्हटलं, तसलीच दुसरी नक्की शोधीन म्हटलं. नवरा दारात उभा राहून ऐकत होता, त्याला मी हाताने खूण केली, झालं काम. फोन ठेवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "एक विचारू? घातली का होतीत?"

मी सांगितलं. आमच्याकडे भांडं रिकामं देत नाहीत. शेजारणीकडे जाताना त्यात काहीतरी गोड असावं लागतं, निदान चिमूटभर. ज्याच्या घरी जाईल त्याचं बरं व्हावं म्हणून. इंग्रजीत हे सगळं फार वेडगळ वाटत होतं. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसेल.

"मी तुम्हाला लिहिलेलं पत्र पुन्हापुन्हा काढून वाचत होते," त्या म्हणाल्या. "नीट बांधा असं लिहिलं होतं मी. वाटलं, फार तोडून लिहिलं का? तुम्हाला लागलं असेल. ती साखर होती, हे त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं. पण मग मला आणखीच कळेना. घाबरवायलाच कुणी घातली असेल, तर मी त्या बाईचं असं काय वाईट केलं होतं? रोज तेच मनात येतं. मी माणसांशी फारशी बोलतच नाही हल्ली, वाटलं, बोलायची रीतच विसरले असेन."

मी खुर्ची ओढून बसले.

"म्हणजे तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," मी म्हणाले, मराठीतच, आणि मग तेच इंग्रजीत पुन्हा सांगितलं.