सारख्या तासांच्या नोंदी

मंचरच्या त्या शीतगृहाचं जाड दार उघडलं की गार, ओलसर मातीचा आणि बारदानाचा मिश्र गंध अंगावर येतो. एके काळी त्या गंधाने मन प्रसन्न व्हायचं. आता तो आला की मान आपोआप खाली जाते, आणि का जाते ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

तिथे बियाण्याचे बटाटे चार अंशांवर ठेवतात. एसटीचा भरवसा नसतानाही डिंभ्याहून वेळेवर येणारे म्हादूभाऊ दिवसपाळीला त्यांची राखण करत. दर तासाला आत जायचं, गोणीत हात घालून बटाटा चाचपायचा, तापमान बघायचं आणि भिंतीवरचं आपल्या नावाचं बटण दाबायचं, हा त्यांचा नेम. बटण दाबलं की नोंद करणारा प्रोग्राम माझा. वारूळवाडीच्या घरी बसून मी तो लिहिला होता.

त्यातला नोंदी सांभाळणारा भाग, आमच्या भाषेत ‘क्लास’, म्हणजे माझं लाडकं अपत्य! संगणकाच्या भाषेत ठरलेल्या चिन्हांना आपल्या मनाजोगता अर्थ देता येतो. ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणतात त्याला. दोन बाणांच्या चिन्हाला मी ‘ही नोंद लिही’ असा अर्थ दिला. तेवढ्यावर थांबलो असतो तर! पण हात शिवशिवत होते. ‘बरोबर’च्या चिन्हालाही मी शिकवलं, की माणूस तोच आणि तापमान तेच असेल तर लागोपाठच्या दोन नोंदी सारख्याच समजाव्यात, वेळ पाहूच नये, आणि अशी सारखी नोंद आली की बाणांनी ती गुपचूप गिळावी. यादी सुटसुटीत राहील, एवढाच माझा विचार. वाचणाऱ्याला तिथे लिहिणं दिसे, गिळणं दिसत नसे. किती रुबाबात मी ते मित्रांना दाखवलं होतं!

मग एका कोपऱ्यातल्या बटाट्यांना मोड आले. गोण्यांची थप्पी भिंतीला चिकटून लागल्याने तिथे हवा खेळली नव्हती, हे पुढे कळलं. त्या दिवशी मालकांनी मलाही बोलावून घेतलं आणि नोंदी उघडल्या, तर म्हादूभाऊंची रोज एकच नोंद, सकाळी पाळी बदलतानाची. “मी दर तासाला आत जात व्हतो, मालक,” म्हादूभाऊ कळवळून म्हणाले. “मग मशीन खोटं बोलतंय व्हय?” असं विचारत मालकांनी माझ्याकडे पाहिलं. “प्रोग्राम तपासलेला आहे,” मी म्हणालो. त्याच दिवशी म्हादूभाऊंचं काम सुटलं.

चूक मला आठवड्याने सापडली. त्या माणसाने तापमान तसूभरही हलू दिलं नव्हतं, म्हणूनच त्याची प्रत्येक फेरी माझ्या चिन्हांनी गिळली होती. निष्काळजी असता तर त्याच्या नोंदी रांगेने दिसल्या असत्या! मी दोन ओळी खोडल्या, ‘किरकोळ सुधारणा’ म्हणून नवा प्रोग्राम चढवला आणि गप्प बसलो. चूक नकळत होते; पण ते गप्प बसणं? ते मी पुरतं समजून-उमजून केलं. त्याची लाज मला अजून जाळते.

महिनाभराने धीर करून डिंभ्याला गेलो. धरणाकाठी म्हादूभाऊ जाळं सोडवत बसले होते. “या पावणं,” म्हणाले, आणि मी तोंड उघडण्याआधीच, “तुमच्या मशीनचा दोष न्हाई, भाऊ. माझाच अंगठा बटनावर नीट बसत नसंल. वय झालं.” महिनाभर तो माणूस स्वतःच्याच अंगठ्यावर संशय घेत राहिला होता! मग मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ एकाच गाठीशी झटत राहिले.

“मंजी, मी रोज सारखं राखलं, म्हनून पुसलं गेलं?”

“हो,” मी म्हणालो. “आता मालकाला सांगा,” एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सांगितलं. मालक हळहळले, पण जागा भरलेली होती. निघताना कुणीतरी ते जाड दार उघडलं आणि तोच गार गंध अंगावर आला. पडद्यावर आता दर तासाची नोंद उमटते: चार, चार, चार. एकही गळत नाही. तिच्यापुढे नाव मात्र दुसऱ्याच माणसाचं असतं.