हिरव्या बांगडीचा मणी

माझ्या आत्याइतकी हट्टी बाई अख्ख्या मुलुंडमध्ये सापडणार नाही, हे मी भर चौकात माईक धरून सांगायला तयार आहे. निवृत्त झाल्यावर बायका भजनीमंडळ शोधतात. हिने गॅलरीत पत्र्याचं टेबल टाकलं, त्यावर गॅसच्या ज्योतीचा टॉर्च आवळून बसवला आणि काच वितळवून मणी करायला लागली. डोळ्यांवर त्या कामाचा जांभळा चष्मा. तो काढायला विसरून ती बाजारात जाते आणि टोमॅटोच्या रंगावरून भाजीवाल्याशी भांडते. शिकायला येणाऱ्या पोरींची आधी उलटतपासणी होते. एकीने थेट ऑक्सिजनवर चालणारा टॉर्च घ्यायचं ठरवलं होतं. "रॉकेट सोडायचंय का गं? छोट्या सिलिंडरचा घे. काच सावकाश वितळेल, तोवर तुझा हातही बसेल." दुसरी केकवरची साखर जाळायचा टॉर्च घेऊन आली, तर तिला, "यावर पापड भाज." काचेचंही तसंच. नवशिक्यांनी मऊ, लवकर वितळणाऱ्या काचेच्या कांड्या घ्यायच्या. प्रयोगशाळेतल्या नळ्यांची कडक काच छोट्या ज्योतीला दाद देत नाही. आणि एका मण्यात दोन प्रकारच्या काचा मिसळायच्या नाहीत. निवताना त्या कमी-जास्त आकसतात, मणी तडकतो. हे ती इतक्या वेळा बजावते की शेजारच्या पोपटालाही पाठ झालं असेल.

मागच्या वर्षी समोरच्या काकूंचे यजमान गेले. काकू म्हणजे आत्याची जिवाभावाची मैत्रीण. दहाव्याला नातेवाईक बायका त्यांच्या हिरव्या बांगड्या फोडायला बसल्या. दुःखात बुडालेल्या बाईचे हात धरून तिच्याच बांगड्या फोडायच्या, हा कसला धर्म? मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या साबणाचं पाणी घेऊन आली. "फोडायच्या नाहीत. मी काढते." एकेक बांगडी अलगद उतरवली. काकू एवढंच म्हणाल्या, "घालायची हिंमत नाही गं माझी. पण टाकू नकोस."

आत्याने त्या बांगड्यांचा मणी करायचं ठरवलं. बहुतेक बांगड्या पहिल्या धगीतच तडतडून उडाल्या. मग एक मणी जमला, पण नुसता हिरवा तिला ओकाबोका वाटला, म्हणून तिने आपल्या कांडीचा पांढरा ठिपका दिला. हो, तिनेच! मणी निवताना टक् आवाज झाला, तडा गेला. "मीच घातला गं तो ठिपका," एवढंच बोलली आणि कितीतरी दिवस टॉर्चला हात लावला नाही. एकच बांगडी उरली होती.

"बाजारातून दुसरी आण ना, कोणाला कळणार?" मी म्हटलं.

"मला."

शेवटी तिने ती बांगडी आधी लांबूनच ज्योतीवर धरली, मग जवळ नेली, इतकी सावकाश की मला राहवेना. मणी झाला. जरा वाकडा, बिनठिपक्याचा, अख्खा.

काकूंनी तो दोऱ्यात ओवून गळ्यात घातला आणि पदराखाली लपवला. मी भडकले. "काकू, बाहेर काढा ना! घाबरता कोणाला?"

"गप रव गो," आत्या मालवणीवर आली. "घातल्यान ना तिना?"

हल्ली काकू संध्याकाळी आत्याच्या गॅलरीच्या दारात स्टूल टाकून बसतात. यजमानांचा विषय निघाला की बोलता बोलता त्यांचा हात पदराखाली जातो. आत्या ज्योत बारीक करते. आणि मी माझ्या घोषणा गुंडाळून त्यांच्या शेजारी बसते.