उठून बघा म्हणायचं आणि थांबायचं

"चाचा, अंग ढिलं सोडा," शाहीन म्हणाली आन् काखेत हात घालून मला खाटेवरून ओढलं.

"अगं, पोतं हाय का ते?" मॅडम ओरडल्या.

नांदेडात जपानी भाषेचा क्लास हाय. जपानात म्हाताऱ्यांची सेवा करायला जाणाऱ्या पोरी तिथं शिकतात. मी तिथला खोटा पेशंट. आधी तीस वर्षं दवाखान्यात वॉर्डबॉय होतो. शाळा चौथी. मागच्या पोळ्याला बायको गेली. घरात बसवत न्हाई, म्हणून हे काम धरलं. आपण पडायचं, पोरींनी उठवायचं.

शाहीन कंधारच्या टेलरची पोरगी. इंटरव्ह्यूत एकदा फेल झालेली. जपानला नेणारी कंपनी तिसरी संधी देत न्हाई.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं. "तात्ते मिमाशो. म्हणजे उभं राहून बघू या. आपलं 'करून बघ' असतं, तसंच. हे म्हणायचं आन् थांबायचं." खाली दुसरं लिहिलं. "तातो तो शिते इरु. म्हणजे पेशंट उठायला बघतोय. तवर हात लावायचा न्हाई. पडायला लागला तरच धरायचं."

मी म्हणलं, "मॅडम, आमच्याकडं एका माणसामागं चाळीस खाटा. असा थांबलो असतो तर डॉक्टरनं मलाच ॲडमिट केलं असतं."

पोरी हसल्या. शाहीन हसली न्हाई.

इंटरव्ह्यू कॉम्प्युटरवर होता. स्क्रीनवर एक जपानी बाई, इकडं खाटेवर मी. शाहीन वाकली, "तात्ते मिमाशो" म्हणाली, हात जवळ धरून थांबली. नेमका माझा गुडघा आखडला. नाटक न्हाई, खरंच. उठायला गेलो, बसलो. परत गेलो, परत बसलो. मॅडम दारातून खुणा करून राहिल्या, उठा की! शाहीनच्या कपाळावर घाम. पण पोरीनं हात लावला न्हाई.

"निवांत, चाचा," हळूच म्हणाली. मराठीतच.

तिसऱ्या वेळेला उभा राहिलो. स्क्रीनवरची बाई कायतरी लिहून घेऊन राहिली.

शाहीन पास झाली. पेढा देताना म्हणाली, "चाचा, मुद्दाम वेळ लावला न?"

"मुद्दाम लावायला मी काय ॲक्टर हाय?"

बायको शेवटी शेवटी खाटेची दांडी धरून उठायला बघायची. मी "ऱ्हाऊ दे" म्हणायचो आन् उचलून बसवायचो. हात वॉर्डातलेच. वॉर्डात थांबायला टाइम नव्हता, हे खरं. घरी होता.