गादीच्या कापडाचा टॉप

मंडळी, सायबर कॅफेतून घाईत लिहितेय. रविवारी आपल्या क्लबात जुना फ्रेंच सिनेमा पाहिल्यापासून नायिकेचा तो आडव्या पट्ट्यांचा टॉप डोक्यातून जाईना. नेरूळच्या बाजारात तसलं कापड फक्त गादीवाल्याकडे मिळालं. तेच शिवून घेतलं आणि आज बेलापूरला ऑफिसात घालून गेले.

सावंतबाई सगळ्यांसमोर ओरडल्या, "अगं, आमची गादी सेम ह्याचीच आहे!"

अख्खं ऑफिस हसलं. सिनेमातली ती बाई कुणाला काही समजावत बसत नाही. मीपण नाही बसले. चहा संपवला, फाईल उघडली.

घरी सासूबाई टॉप निरखत राहिल्या. म्हटलं, आता बोलणी ऐकावी लागणार. तर म्हणाल्या, "कापड उरलंय का गं? मला ब्लाऊज शिवायला टाक."

पट्टे आडवे घेऊ की उभे? लवकर सांगा, टेलर आठला दुकान बंद करतो.