दोन भिंगं अन् एक तीट

हसायचं असन तर आत्ताच हसून घ्या बापा, नंतर हसले तर मी रागावीन. माह्या हातून जे झालं ते सांगायले मले महिना लागला. एक सोडली तर विहारातल्या बायांच्या कानावर अजून गेलं नाई. तुम्हीबी नेऊ नका!

माही नात प्रणाली. पोट्टी जंगलात गाइड आहे. पाहुण्यांले जिप्सीत बसवून वाघ दाखवते, अन् लग्नसराईत लग्नाचे फोटो काढते. तिच्यापाशी कॅमेऱ्याची दोन भिंगं. ती लेन्स म्हणते, मी भिंग म्हणते. एक तिनं स्वतः जुनं घेतलं, दुसरं तिच्या नागपूरच्या मामानं दुकान बंद करताना दिलं. दोन्ही काळी, दोन्ही वीतभर, दोन्ही तेवढंच दूर पाहतात. जुळी लेकरंच म्हणा न! तिच्यावालं निळ्या थैलीत अन् मामाचं लाल थैलीत, एवढाच काय तो फरक.

वाघ दूर असते म्हणून असं भिंग लागते. पण लग्नात नवरदेव कुठी दूर पळते? तिथी जवळून सारा मांडव पाहणारं, रुंद भिंग पाहिजे. ते तिच्यापाशी नव्हतं. अन् सिंदेवाहीचं एक मोठं लग्न तिच्या हाती आलं होतं, पुढच्याच आठवड्यात! मग मूल गावचे वसीमभाऊ, तेबी फोटोवालेच, म्हणाले, "दोनातलं एक मले दे, माहं रुंदवालं तू घे. रविवारी दुपारी येतो."

बस! तिथून पोट्टीचं चित्त थाऱ्यावर नाई.

"आजी, मामाचं देऊ काय?"

"दे."

"पण त्याचं फोकसचं चाक कसं मऊ फिरते!"

"मग तुह्यावालं दे."

"माहं कशी देऊ व? त्याच्यातून मी पहिला वाघ काढला!"

"मग मामाचं दे न माय!"

"मामाले काय वाटन?"

सकाळी उठली का निळी थैली बाजूले काढून ठेवे. चहा उकळेपर्यंत लाल. घास हातात अन् डोळे खुंटीवरच्या थैल्यांकडे. दोनदा भात करपवला. तिची येरझार पाहून पाहून मीबी बिथरली. एक दिवस सूप घेऊन पाखडत बसली, घटकाभरानं पाहते तर सुपात धान्यच नाई!

माहं मन मात्र पक्कं होतं. निळ्या थैलीतलं ठेवायचं. काऊन? खरं सांगते, भिंतीवर माहा जो फोटो आहे, तो त्याच भिंगातून काढला आहे. त्यात मी पन्नाशीची दिसते. असं भिंग कोणी हातचं घालवते काय?

शनिवारी दुपारी प्रणालीनं दोन्ही भिंगं बाजेवर आपापल्या थैलीवर मांडली अन् फोन आला म्हणून अंगणात गेली. तेवढ्यात शेजारची कौसाबाई आली. नेमकं निळ्या थैलीवरचं उचललं, झाकण काढलं अन् म्हणते कशी, "माय वो! किती सुंदर चमकते हे! जसा म्हशीचा डोळा!"

मीनं झटकन भिंग तिच्या हातातून घेतलं, झाकण लावलं अन् थैलीत टाकलं.

आता कौसाबाईबद्दल सांगावं लागन. गावात बोलवा आहे का तिनं एका भोपळ्याच्या वेलाले 'किती लदबदला व' म्हटलं अन् आठ दिवसांत वेल वाळला. मी असलं काई मानत नाई, बरं! आमचं घर बौद्धाचं. पौर्णिमेले विहारात बाया जमल्या का मीच उभी राहून सांगते, "नजर-बिजर काई नसते व बायांनो. लेकरू रडलं तर दवाखान्यात न्या, मिरच्या ओवाळू नका. वेल वाळला तर पाणी घाला!" टाळ्या पडतात. शाळेचं तोंड नाई पाह्यलं मीनं, पण मी बोलायले लागली का सरपंचबी चूप बसते.

पण कौसाबाई गेली अन् मन म्हणे, मानत नाई ते ठीक आहे, लावायले काय जाते?

तव्यामागची काजळी बोटावर घेतली, खोबरेल तेलात कालवली अन् निळ्या थैलीतलं भिंग हळूच काढलं. आता तीट लावू कुठी? लेकराले गालावर लावतात, याले गाल कुठी? तळपायाले लावावी तर पाय कुठी? झाकण काढलं. आत गोल काच, चेहऱ्यासारखी, माह्याकडेच टकमक पाहून राह्यली. म्हटलं, हेच कपाळ! लावली मधोमध. जरा मोठी झाली म्हणून पदरानं पुसून लहान केली. लहान नाई, पसरवली, हे मागून समजलं. झाकण लावलं, थैलीत टाकलं, हात धुतले. कोणी पाह्यलं नाई.

रविवारी सकाळीच प्रणाली दोन्ही भिंगं घेऊन बोडीवर गेली. तळ्याच्या पाळीवरचे बगळे दोन्हीतून काढायचे, जे साफ दिसन ते ठेवायचं. आली तर तोंड उतरलेलं.

"आजी, माह्यावाल्याले बुरशी लागली! सारे बगळे धुक्यात. पुसू पाह्यलं तर अजून पसरली."

मी खाली मान घालून पातेलं घासत राह्यली.

"अन् बुरशी एकाची दुसऱ्याले लागते म्हणतात. एकाच खुंटीवर होते दोन्ही. आता वसीमभाऊले कोणत्या तोंडानं देऊ? लग्नाचं काम गेलं आजी!" म्हणून पोट्टी मटकन खाली बसली अन् डोळे पुसायले लागली.

सांगा, मी काय करू? तोंड उघडलं तर विहारातली माही इज्जत जाते. नाई उघडलं तर पोरीचं काम जाते. मी म्हटलं, "ऊन दाखव न त्याले, पापडाले दाखवते तसं." दोन्ही भिंगं अंगणातल्या बाजेवर ठेवली. थैलीले तेल लागलं असन, या भेवानं मीनं दोन्ही थैल्या धुवून तारेवर टाकल्या. माही हुशारी पाहा!

वसीमभाऊ आले. प्रणाली पोट्टी सरळ. म्हणाली, "भाऊ, बुरशी आहे. तुम्ही घेऊ नका."

त्यानं भिंग उचललं. उजेडात तिरपं धरलं. मग नाकापाशी नेलं.

"काऊन व प्रणाली, बुरशीले खोबरेलचा वास कधीपासून यायले लागला?"

मी आत सटकून राह्यली होती, तर वसीमभाऊ म्हणे, "आजी, थांबा. घरात कोणी हात लावला होता काय?"

अन् माह्या तोंडून निघून गेलं, "कौसाबाईनं लावला होता बापा काल!"

कौसाबाई कुंपणाशीच उभी. ती काय सोडते! "मी कायले तेल लावन व बाई?"

"नुसतं तेल नाई, काजळीबी आहे," वसीमभाऊ हसायले लागले. "आमच्या दादीनं माह्या नव्या मोटरसायकलच्या हेडलाइटले असंच फासलं होतं. ये तो नजर का टीका है!"

"काजळी?" कौसाबाई कमरेवर हात ठेवून म्हणे, "या बाईचं विहारातलं बोलणं ऐकलं अन् मीनं दारावरचं लिंबू-मिरचीबी काढून फेकलं! माह्या घरी काजळाची डबीसुद्धा नाई!"

सारे माह्याकडे पाहून राह्यले. प्रणाली उठली. "आजी, बोट दाखव."

हात धुतले होते हो, पण नखात काळं राह्यलंच होतं!

"लावली मीनं," मी म्हटलं. "मानत नाई मी. पण लावली."

पोट्टी हसून हसून बाजेवर लोळली. कौसाबाई तर कुंपणाले धरूनच हसे. वसीमभाऊनं पिशवीतून मऊ फडकं अन् औषध काढून काच पुसली, लख्ख! "घे, दोन्ही झकास आहेत. बोल, कोणतं देतं?"

"मामाचं," प्रणाली म्हणाली. "नाई नाई, माह्यावालं. थांबा हो जरा..." अन् सुरू झाली अंगणात येरझार!

आता माह्यानं राहवेना. "बस कर व! आठ दिवस झाले, घरातल्या मांजरीलेबी झोप नाई."

"मग तूच दे आजी. मी डोळे मिटून घेते, नाई तर माहं मन फिरन." तिनं खरंच डोळे मिटले.

मी पुढं झाली. एक भिंग उचलून छातीशी धरलं, दुसरं वसीमभाऊच्या हातात दिलं. त्यानं रुंद भिंग बाजेवर ठेवलं अन् मोटरसायकलले किक मारली. लग्नाचं काम वाचलं, माहं आवडतं भिंगबी वाचलं!

गाडी वळणाआड गेली तशी प्रणालीनं डोळे उघडले. माह्या हातचं भिंग घेतलं, चाक फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"आजी... हे मामाचं आहे. माह्यावालं मूलले गेलं."

मग पोट्टी भिंगाले झाकण लावत म्हणाली, "जाऊ दे. निकाल तर लागला, आता झोप येईन. पण तुह्या इतक्या आवडीचं होतं ते, तुले ओळखू कसं नाई आलं व?"

"ओळखू कशी?" मी म्हटलं. "तीट तर वसीमनं पुसून टाकली!"