अकोथला पट्टीशिवायच कळतं

सिस्टर अथिएनोचा पारा दवाखान्याचं दार उघडतानाच चढलेला असे. तोरोरो गावाकडच्या त्या दवाखान्यात एकोणीस वर्षं काढलेली बाई. तिचं ओरडणं पलीकडच्या कसाव्याच्या कंदांच्या शेतात ऐकू जाई. तिला छळणारा मलेरिया नव्हताच, छळायची ती तपासणीची पट्टी. बोटातलं थेंबभर रक्त टाकायचं. दोन रेघा उमटल्या तर मलेरिया, एकच उमटली तर नाही. इतकं सरळ! पण त्या एका रेघेवर कुणी विश्वास ठेवेल तर शपथ.

त्या सकाळी अकोथ दोन वर्षांच्या ओवोरला घेऊन आली. पोर तापाने फणफणलेलं. रेघ उमटली एकच.

"मलेरिया नाहीये गं," सिस्टर म्हणाली.

"नाही कसा? हात तर लावून बघा!"

शेजारच्या टेबलावरून डॉक्टर ओकेचोंनी मान वर केली. "देऊन टाक गोळ्या. ताप म्हणजे मलेरियाच. या पट्ट्या यायच्या आधीपासून मी रोगी बघतोय."

"मग रोज लोकांची बोटं कशाला टोचतो आपण, डॉक्टर? हौस म्हणून?"

सिस्टरने ओवोरचा सदरा वर केला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. पोर हातचं जाणार, हे तिला दिसलं. मनगटावरचं घड्याळ काढून तिने डॉक्टरांपुढे आदळलं. "मोजा श्वास. तुम्हीच मोजा!"

डॉक्टरांनी मिनिटभर मोजलं. अठ्ठावन्न; चाळिशीच्या आत हवे होते. "न्युमोनिया," ते पुटपुटले आणि त्याचं औषध लिहिलं. खाली मलेरियाच्या पिवळ्या गोळ्याही लिहिल्या.

"या आता कशाला?"

"असू देत. आईचं समाधान."

सिस्टरने कपाळाला हात लावला.

पाचव्या दिवशी ओवोर उठून शेंगदाणे मागू लागला. सिस्टरला मनापासून आनंद झाला. पण तो आनंद आठवडाभरच टिकला. मग अकोथ जावेच्या तापलेल्या मुलीला घेऊन हजर, मागे चार शेजारणी.

"टोचू नका, सिस्टर. सरळ त्या पिवळ्या गोळ्या द्या. तुमची ती एक रेघ खोटी निघाली, त्या गोळ्यांनीच माझं पोर उठवलं. सगळ्या गावाला सांगितलंय मी!"

सिस्टरने डॉक्टरांकडे पाहिलं. ते कागदांत डोकं खुपसून बसले होते. दात-ओठ खात तिने मुलीचं बोट धरलं आणि टोचलं. पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

"बघितलंत?" अकोथ शेजारणींकडे वळली. "मला पट्टीशिवायच कळलं होतं."

सिस्टरने पिवळ्या गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या. न ठेवून करते काय? या खेपेला त्या खरोखरच लागणार होत्या.